डग्गा गायब होतो तो स्वस्ताईमुळे नव्हे

‘दोन हजारांच्या आतला इअरफोन म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. सोबत कारणंही ठरलेली असतात. ड्रायव्हर (इअरफोनच्या आतला आवाज काढणारा भाग) लहान म्हणून बास (खालचे, घुमणारे स्वर) नाही, महाग तेवढा आवाज चांगला, स्वस्तातले कानात दुखतातच, आवाज ‘खुलायला’ पन्नास तास लागतात, कान जातात, आणि सहा महिन्यांत एक बाजू बंद पडते. एकेक घेऊ.

‘ड्रायव्हर लहान, म्हणून बास नाही.’ खोक्यावर 10 एमएम, 13 एमएम असे आकडे ठळक छापलेले असतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण खोलीतल्या स्पीकरला अख्ख्या खोलीतली हवा हलवायची असते. कानातल्या इअरफोनला फक्त कानाच्या पडद्यापर्यंतची चिमूटभर. तेवढ्याला लहानसा ड्रायव्हरही पुरतो. अट एकच, ती हवा कोंडलेली हवी. इअरफोनच्या टोकाचं रबर आणि कानाची भिंत यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी खालचे स्वर गळतात.

तबला लावून बघा. रबर नीट बसलं नसेल तर चाटीवरचा ‘ना’ लख्ख ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमारा गायब. ‘धा’चा नुसता ‘ता’ होऊन बसतो. आता ऐकता ऐकताच इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. डग्गा एकदम परत आला, तर इअरफोनला नावं ठेवू नका, रबराचं माप बदला. खोक्यात लहान-मोठी रबरं दिलेली असतात, ती बहुतेकांच्या घरी खोक्यासकट माळ्यावर जातात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि थोडा मागे ओढावा; कानाची वाकडी नळी सरळ होते आणि रबर आपसूक जागेवर बसतं.

‘महाग तेवढं चांगलं.’ ध्वनी-संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. त्यात कानात बसणारेही होते. कुठला स्वर किती जोरात वाजतो याचा आलेख, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि किंमत यांचा संबंध त्यांना सापडला नाही. 2022 मध्ये आलेले मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झ सालनोट्स झिरो हे इअरफोन जेमतेम 20 डॉलरचे होते आणि गायकाचा आवाज स्वच्छ ठेवण्यात ते कुठे कमी पडत नाहीत. उलट बाजूही सांगायला हवी: बासचा ढुमढुमाट करून गायकाचा गळाच दाबणारे इअरफोन स्वस्तात ढिगाने मिळतात. मात्र तो ट्यूनिंगचा, म्हणजे कुठला स्वर किती ठेवायचा याचा दोष, किमतीचा नव्हे. खोक्यावरच्या ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ला तर काहीच अर्थ नाही, कारण त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो ते तिथे लिहिलेलंच नसतं.

‘स्वस्तातले दुखतातच.’ दुखतं ते बहुधा गरजेपेक्षा मोठं रबर कोंबल्यामुळे, नाहीतर इअरफोनची कड कानाच्या वाटीत एकाच ठिकाणी टोचते म्हणून. पहिल्यावर लहान रबर किंवा फोमची टिप हा उपाय आहे. फोम चिमटीत दाबून घालायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. दुसऱ्यावर इलाज नाही. ते मॉडेल तुमच्या कानाचं नाही, मग ते वीस हजारांचं का असेना. कानात घालताना बारीक ‘कर्र’ ऐकू आलं तर घाबरू नका, हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतो तेव्हा तसं होतं.

‘पन्नास तास वाजवा, खुलेल.’ त्या पन्नास तासांत आपले कान सरावतात. परत करायची मुदत त्यात घालवू नका.

‘कान जातात.’ हा मुद्दा गंभीर आहे, पण तो आवाजाच्या पातळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. लोकलमध्ये सैल इअरफोन घालून गाडीच्या खडखडाटावर मात करायला व्हॉल्यूम चढवणं सगळ्यात वाईट. घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे कमी आवाजात भागतं. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र तो कानातून काढलाच पाहिजे.

‘सहा महिन्यांत एक बाजू जाते.’ यात तथ्य आहे. स्वस्तातली काटछाट खरोखर वायर आणि जॅकजवळच्या जोडातच असते. तरी आधी तोंडाशी असलेली जाळी उजेडात धरून बघा. कानातला मळ तिथे साचला की ती बाजू हळू वाजू लागते आणि आपण इअरफोन फेकून देतो. रबर काढा, जाळी खाली करून धरा आणि मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. टाचणी नको, पाणी नको. एवढं करूनही जॅकपाशी वायर हलवल्यावर आवाज तुटत असेल, तर वायरच गेली. पुढच्या वेळी निघणाऱ्या वायरचं मॉडेल घ्या, म्हणजे तेवढीच बदलता येईल.