होलोग्राम बॅटवर आहे, पण बॅट मैदानात होती का?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. गिरगावातल्या शाळासोबत्यांपासून ऑफिसातल्या क्रिकेटवेड्यांपर्यंत सगळ्यांनी तो मनोभावे पुढे ढकललाय. त्याचं सार असं: खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या बॅटी, जर्सी, ग्लोव्ह्ज घ्यायचे तर लिलावातूनच घ्या, फसण्याची भीती नाही. कारण लिलाव करणारे वस्तू तपासूनच घेतात, सोबत सर्टिफिकेट आणि होलोग्राम असतो, खेळाडूची सही असते, वापरल्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात आणि खोटी निघालीच तर पैसे परत.

या नादात मी स्वतः पैसे घालवलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लिलाव करणारे तपासतात, हे काही ठिकाणी खरं आहे. पण काय तपासलं, ते कॅटलॉगच्या भाषेत बघा. ‘मॅच-वॉर्न’ म्हणजे सामन्यात अंगावर घातलेली. ‘प्लेअर-इश्यू’ म्हणजे खेळाडूसाठी बनवलेली. ती कदाचित किटबॅगेतून बाहेरही आली नसेल. ‘टीम-इश्यू’ तर त्याहून सैल, संघासाठी आलेल्या गठ्ठ्यातली कुठलीही. वर्णनात ‘वानखेडे’ असतं, ‘२०११’ असतं, खेळाडूचं नाव ठळक असतं, फक्त ‘या सामन्यात वापरलेली’ एवढंच वाक्य नसतं. आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वस्तू आहे तशी विकली जाते, वर्णन हे केवळ मत आहे.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. १९९० च्या दशकात एफबीआयने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बनावट सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं. त्या मालासोबत सर्टिफिकेटंही असायची, तीही घरचीच. त्यांच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते! त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पद्धत सुरू केली. सामन्याला एक माणूस हजर असतो, चेंडू किंवा बॅट त्याच्या नजरेसमोर मैदानातून येते आणि क्रमांक असलेला होलोग्राम तिथेच चिकटतो. होलोग्रामची किंमत तो कधी आणि कुणासमोर चिकटला यात आहे. सामन्यानंतर सहा वर्षांनी कुणाच्या तरी दुकानात चिकटलेला होलोग्राम इतकंच सांगतो की दुकानदाराकडे चांगला प्रिंटर आहे.

सही खरी असेल तर खेळाडूने सही केली, एवढंच सिद्ध होतं. धोबी तलावच्या दुकानातून बॅट घ्यायची, हॉटेलच्या लॉबीत सही मिळवायची, यात गैर काही नाही. फक्त त्या बॅटने एकही चेंडू खेळलेला नसतो.

आता खुणांचा मुद्दा, ज्यात मी स्वतः आपटलो. एका लिलावात मी टी-२० सामन्यात वापरलेली म्हणून एक बॅट घेतली. पुढच्या भागावर लालभडक ‘चेरी’, म्हणजे चेंडूचे डाग, टोकाला झीज, ग्रिप मळलेली. मी खूश. माझा मामा ऐन पावसात मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा खेळलेला माणूस. त्याने बॅट खिडकीशी नेली, तिरपी धरली आणि विचारलं, “टी-२० कुठल्या चेंडूने खेळतात रे?” पांढऱ्या. पांढरा चेंडू लाल डाग सोडत नाही. मी म्हटलं, नेटमध्ये लाल चेंडूने खेळला असेल. तो म्हणाला, “असेलही. मग यातला मॅचचा डाग दाखव.” दाखवता आला नाही. वर एका स्टिकरच्या कडेखाली दुसऱ्या स्टिकरचा गोंद होता. स्टिकर एका कंपनीचा आणि बॅट दुसऱ्याच कारागिराची, हे क्रिकेटमध्ये सर्रास चालतं. त्यामुळे स्टिकरवरूनही फार काही कळत नाही.

खुणा बनवताही येतात. चोर बाजारात जुनाट दिसणारं नवं फर्निचर कसं तयार होतं, ते मुंबईकराला सांगायला नको. खोटं करणाऱ्याला जिथे अडवता येतं ती जागा नियमांची. १९८३ चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने झाला, तेव्हा त्या सामन्यांतली रंगीत जर्सी कुणी दाखवली तर हसून पुढे जा. विश्वचषकात जर्सीच्या पाठीला क्रमांक आले १९९९ मध्ये, कसोटीच्या शर्टवर २०१९ मध्ये. २०११ च्या अंतिम सामन्याचा ‘तो’ चेंडू कुणी विकत असेल तर विचारा, कितवा? तेव्हाच्या नियमाने ३४ षटकांनंतर चेंडू बदलत असे, म्हणजे दोन डावांत किमान चार झाले.

खरी तपासणी फोटोंवर होते. विलोच्या, म्हणजे बॅटीच्या लाकडाच्या, उभ्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात. त्यांची वळणं, त्यातला एखादा काळा ठिपका सामन्याच्या जवळून काढलेल्या फोटोशी जुळवता येतो. फुटबॉलपटू मॅराडोनाने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो ‘हँड ऑफ गॉड’वाला शर्ट २०२२ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीत ७१.४ लाख पौंडांना गेला. इंग्लंडचा खेळाडू स्टीव्ह हॉज याने तो सामन्यानंतर स्वतः अदलाबदलीत घेतला होता, पुढे तो संग्रहालयातही होता. तरीही लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने म्हटलं की हा पूर्वार्धातला शर्ट, गोल केले ते दुसऱ्या शर्टात. लिलाव कंपनीने बिल्ला, पट्टे आणि क्रमांक फोटोंशी जुळवून दाखवले, तेव्हा कुठे विक्री झाली. इतक्या प्रसिद्ध शर्टाची ही गत, तर आपल्या ‘रणजी सामन्यात वापरलेल्या’ पॅडना कोण विचारतो?

अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथचा १९३२ च्या वर्ल्ड सिरीजचा शर्ट २००५ मध्ये ९.४ लाख डॉलरला गेला होता, २०२४ मध्ये २.४१ कोटी डॉलरला. मधल्या काळात बाजार फुगला हे खरंच. पण या वेळी शर्ट जुन्या फोटोंशी जुळवून दाखवला होता, त्याचाही वाटा मोठा.

राहिला पैसे परत मिळण्याचा मुद्दा. मालविक्री कायदा १९३० नुसार वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणून बिलावर ‘अमुक तारखेच्या अमुक सामन्यात वापरलेली’ असं लिहून घ्या. ते नसेल तर कज्जा कशावर करणार? ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत, आणि पुन्हा विकायला म्हणून घेतली असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहकच नाही. ‘गुंतवणूक म्हणून घेतली’ असं चारचौघांत सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

म्हणजे लिलावाला जायचंच नाही? असं नाही. धोनीने २०११ च्या अंतिम सामन्यात वापरलेली बॅट त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये मदतनिधीसाठी एक लाख पौंडांना विकली गेली. खेळाडूने स्वतः दिलेली वस्तू आणि मध्ये कुणी नाही, अशी सरळ साखळी असेल तर मीही हात वर करीन. पण गेल्या महिन्यात एका बॅटबद्दल मी फोनवर विचारलं, “सामना कुठला?” उत्तर आलं, “सर, सर्टिफिकेट आहे ना.” मी फोन ठेवला.

माझी ती चेरीवाली बॅट आता भाचा शिवाजी पार्कात नेतो. चेंडू मस्त जातो म्हणतो. होलोग्राम अजून शाबूत आहे.