ढाल की निरोप? सी-ईच्या गोळ्यांवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

लेहच्या मॅरेथॉनची तयारी करताना सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेऊ नका, असं मी लिहिलं. ते तुम्हाला बेजबाबदारपणाचं वाटलं. उंचावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकल्स या अतिक्रियाशील रेणूंचा पेशींवरचा ताण, वाढतो, मग लेहला धावणाऱ्या माझ्या मुलीच्या हातातली गोळ्यांची ढाल का काढून घेऊ, असं तुम्ही विचारता. शिवाय माझा पुरावा समुद्रसपाटीवरचा आहे, असंही म्हणता.

हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. २००९ सालचा जर्मनीतला तो प्रयोग सपाटीवरच झाला होता. मी तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. आज लेखात भर घातली आहे.

पण ‘ढाल’ या शब्दापाशी मी अडतो. त्या प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि सोबत ई दिलं होतं. इन्शुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देऊ लागलं ते गोळ्या न घेतलेल्यांचं. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल्स म्हणजे नुसता गंज नव्हे. ‘इथे ताण पडतोय, ताकद वाढवा’ हा निरोप स्नायूपर्यंत तेच नेतात. २०१४ साली नॉर्वेत ११ आठवड्यांच्या प्रयोगातही गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांची, वाढ मंदावलेली दिसली. दमसास मात्र दोन्ही गटांचा सारखाच सुधारला, हेही सांगायला हवं. म्हणजे गोळ्यांनी धाव बिघडतेच असं मी म्हणत नाही. फायदा दिसत नाही आणि सरावाचा थोडा भाग वाया जाण्याची शक्यता आहे, एवढंच माझं म्हणणं.

लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन ठाण्याच्या साधारण दोन तृतीयांश. तिथे रॅडिकल्स वाढतात हे तुमचं खरंच आहे. पण विरळ हवेचा त्रास टाळायला तिथे आधी जाऊन मुक्काम करणं आणि पहिले दोन दिवस निवांत राहणं, याला गोळीचा पर्याय नाही. विरळ हवेचा सराव व्हावा म्हणून इथे ठाण्यात येऊरच्या चढावर मास्क लावून पळणारी मुलं मी रोज पहाटे पाहतो. मास्कने श्वास ओढायला जोर लागतो, हवेतला ऑक्सिजन तेवढाच राहतो. तुमच्या मुलीलाही तो लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, तिचं हिमोग्लोबिन उत्तम आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केलीत का? विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतात, त्यातून नव्या तांबड्या पेशी बनतात आणि त्यांना लोह लागतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह आटलेलं असू शकतं, धावणाऱ्या मुलींत तर बरेचदा. माझ्या बहिणीचं नेमकं हेच झालं. तीन महिने आम्ही नुसते पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालत होतो.

सी जीवनसत्त्व ताटातून मिळू दे. मेथीच्या भाजीवर, डाळीवर लिंबू पिळा, त्याने लोहही जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. फेरिटिन कमी निघालं तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अजून वेळ आहे, या आठवड्यातच रक्त द्यायला न्या तिला.