कंस, आंगस्ट्रॉम आणि मी

हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व मला पहिल्या वाचनातच पटलं. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, नेमका किती, हे दोन्ही एकाच वेळी हवं तितकं अचूक सांगता येत नाही. अहो, मलाही कधी सांगता आलं नाही. म्हटलं, 'नाही सांगता येत' हेच उत्तर असलेला एक तरी धडा निघाला! पान उलटलं तर गणितं. आणि पुस्तकाच्या मागे उत्तरं, दशांश चिन्हानंतर दोन-दोन अंक देऊन.

पहिलं गणित: इलेक्ट्रॉनच्या स्थानातली अनिश्चितता ०.१ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), तर वेगातली किमान किती? प्लँकच्या स्थिरांकाला ४ पायने (४π) भागा, मग वस्तुमानाने, मग त्या ०.१ आंगस्ट्रॉमने. शेंबडं पोरही करील. मी कॅल्क्युलेटरवर दाबलं: ६.६२६, घात उणे ३४, भागिले ४, गुणिले पाय. कंस न घातल्यामुळे त्या यंत्राने इमानेइतबारे ४ ने भागलं आणि पायने गुणलं, हे कळायला मला तीन दिवस लागले. कारण खरा आकडा ५.२७ आणि माझा ५.२०, घात तेवढा एकाने चुकलेला. चोराचा चेहरा घरच्याच माणसासारखा असल्यावर पकडणार कसा?

त्यात आंगस्ट्रॉमचं मीटर करताना एक शून्य जास्त पडलं. यायला हवे होते सेकंदाला सुमारे ५८ लाख मीटर, आले ५७ कोटी. प्रकाश बिचारा ३० कोटींवर थांबतो. मी उत्तराखाली दोन रेघा मारून वही सरांपुढे ठेवली.

सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आइन्स्टाइनला कळवलंस का?"

मी कुठेतरी वाचलेला दिलासा पुढे केला. १९२३ मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत खुद्द हायझेनबर्गला सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेवर (जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याच्या ताकदीवर) उत्तर देता आलं नव्हतं. जेमतेम पास झाला. १९२७ मध्ये हे तत्त्व मांडताना दाखला घेतला तोही सूक्ष्मदर्शकाचाच, आणि त्यातली चूक भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने दाखवली.

"हो," सर म्हणाले, "पण त्याला कंस घालता येत होते."

परीक्षेत मी कंस घातले. इतके घातले, की एक-दोन उरलेही असतील. वेग सेकंदाला ३०० मीटर, अनिश्चितता ०.००१ टक्के, इलेक्ट्रॉनच्या स्थानातली किमान अनिश्चितता काढा. टक्क्यांचा सापळा ओळखला, ३०० चे ०.००३ केले, ग्रॅमला किलोग्रॅम केलं. उत्तर आलं ०.०१९३ मीटर. म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर!

मी अंगठा डोळ्यांसमोर धरला. जो अणूच्या पोटात मावतो, त्याचा पत्ता अंगठ्याच्या रुंदीएवढा इकडेतिकडे? छे, शक्यच नाही. उत्तरावर काट मारली, ०.००३ च्या जागी सरळ ३०० घातले आणि १.९३ गुणिले १० चा उणे ७ वा घात असं छान, बारीकसं, इलेक्ट्रॉनला शोभेल असं उत्तर लिहिलं.

पेपर परत आला तेव्हा काट मारलेल्या ओळीभोवती लाल गोल होता. शेजारी सरांच्या अक्षरात, 'हेच की रे!' आणि त्याखाली शून्य.