३१६ स्लीव्ह का गंजल्या: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

"३१६ च्या पंप स्लीव्ह नायट्रायडिंगला दिल्या, ३ आठवड्यांत गंजल्या, यांनी माल बदलला" असं तुम्ही लिहिलंय. (इतर वाचणाऱ्यांसाठी: ३१६ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार, स्लीव्ह म्हणजे पंपाच्या शाफ्टवर बसणारी नळी, नायट्रायडिंग म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं.) गंज खरा आहे आणि चूक आमची आहे. माल मात्र तुमचाच आहे. स्लीव्हच्या आत बघा: बोअरला (आतल्या भोकाला) आम्ही नायट्रोजन अडवणारा स्टॉप-ऑफ पेंट लावला होता, तिथे गंजाचा ठिपकाही नाही. गंज आहे तो फक्त बाहेरच्या, नायट्राइड झालेल्या भागावर.

जॉब कार्डवर "९०० एचव्ही, थर ६० मायक्रॉन" एवढंच होतं (एचव्ही म्हणजे कडकपणाचं विकर्स माप). इतका जाड थर यावा म्हणून जॉब गॅस फर्नेसमध्ये ५३० अंशांना लावला. त्या तापमानाला नायट्रोजन क्रोमियमला धरतो आणि क्रोमियम नायट्राइड तयार होतं. कडकपणा येतो, पण ज्या क्रोमियममुळे स्टेनलेस गंजत नाही तेच अडकून पडतं. तुकडा कापून, पॉलिश करून ॲसिडने थोडा खाऊ दिला (एचिंग) की हा थर काळा दिसतो. पंप कशासाठी आहे, हे जॉब लावण्याआधी आम्ही विचारायलाच हवं होतं.

आता पॅसिव्हेशन (ॲसिडने धुऊन गंजरोधक पापुद्रा पुन्हा आणणं) करून उपयोग नाही, ॲसिड तो थरच खाईल. ग्राइंडिंगने काढायचा तर व्यासात किमान ०.१२ मिमी जातील आणि स्लीव्ह अंडरसाइज होईल. म्हणून नव्या स्लीव्ह आमच्या खर्चाने.

या वेळी प्लाझ्मा नायट्रायडिंग (विजेने आयनित केलेल्या वायूतलं), ४२० अंश, २० तास. आधी हायड्रोजन-आर्गॉनच्या माऱ्याने वरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढावा लागतो, नाहीतर नायट्रोजन आत शिरतच नाही. या तापमानाला क्रोमियम जागेवरून हलत नाही, नायट्रोजन नुसता धातूच्या अणूंच्या जाळीत मावतो. कडकपणा १००० एचव्हीच्या वर जातो, पण थर साधारण १५ मायक्रॉनच. त्यामुळे फायनल साइझ आधीच करा, नंतर ग्राइंडिंग अजिबात नको. कडकपणा ५० ग्रॅम लोडवर मोजा. रॉकवेलचा (जास्त लोडच्या कडकपणा चाचणीचा) डायमंड थर फोडून खालच्या मऊ ३१६ मध्ये घुसतो आणि आकडा खोटा येतो.

पाण्यात वाळू येत असेल तर तसं आत्ताच कळवा. ग्लँड पॅकिंगखाली (शाफ्टभोवती गळती रोखणाऱ्या दोरीखाली) वाळूचे कण १५ मायक्रॉन फार दिवस टिकू देणार नाहीत. तिथे क्रोमियम ऑक्साइडचं प्लाझ्मा स्प्रे कोटिंगच योग्य. ते आमच्याकडे होत नाही, पण तसं असेल तर स्लीव्ह कोटिंगवाल्याकडून करून आणू, खर्च आमचाच.