न बघता बघायची गोष्ट

धनू तारकासमूहात बर्नार्डची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, नावाचं एक प्रकरण आहे. कागदावर तिची प्रत, म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा (जितका मोठा तितकी वस्तू अंधुक), साधारण नववी. आपल्या आठ इंची दुर्बिणीला हे किरकोळ, असं वाटतं. पण तो सगळा उजेड चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीवर पसरलाय, वाटीभर रंगात अख्खी भिंत रंगवावी तसा. बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञाने ती १८८४ साली शोधली, माझ्याहून लहान दुर्बिणीतून. हे मी आधी वाचायला नको होतं.

अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावले. मग खरी परीक्षा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यावर नसतात, कडेला असतात; म्हणून शेजारच्या ताऱ्याकडे बघतोय असं दाखवत लक्ष मात्र हिच्यावर ठेवायचं. ही कला ज्या वयात शिकायची, त्या वयात मी शिकलो नाही.

दोनच मिनिटांत एक छोटा, निळसर-हिरवा तेजोमेघ सापडला. भाचा खूश. "मामा, हीच ना?"

"नाही रे, ही शेजारीण."

दहा मिनिटांनी मात्र दिसली! फिकट, बेढब, कडांचा पत्ता नसलेली. असल्या बिनआकाराच्या दीर्घिकांना अनियमित म्हणतात ते उगाच नाही. मी भक्तिभावाने बघत राहिलो. ती हळूहळू मोठी व्हायला लागली. १६ लाख प्रकाशवर्षं दूरची वस्तू इतक्या लगबगीने वाढत नसते, हे ध्यानात यायला जरा वेळच लागला. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, माझ्याच श्वासाची वाफ जमली होती.

काच वाळेपर्यंत भाच्याला सांगितलं, की एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने हिच्यातले ११ सेफीड तारे, म्हणजे ठरावीक लयीत तेज कमी-जास्त होणारे आणि त्यावरून अंतर सांगणारे तारे, हेरून १९२५ साली दाखवून दिलं, ही आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे.

"त्याला कशी दिसली?"

"१०० इंची दुर्बीण होती. फोटोच्या काचा घेतल्या त्याने."

"म्हणजे त्यानेही डोळे नाही फोडले."

मी विषय बदलला आणि त्याला दुर्बिणीचं हरवलेलं झाकण शोधायला बसवलं. चाचपडताना त्याचं डोकं नळीवर आपटलं. आकाश डुचमळलं आणि त्याबरोबर ताऱ्यांमधून एक लांबट, धुरकट काहीतरी सरकलं. अंधुक वस्तू हलली की डोळ्याला चटकन कळते, हे वाचलं होतं, आज पटलं.

"परत आपट!" मी ओरडलो.

"काय?"

"डोकं! हळू!"

तेवढ्यात लख्ख उजेड पडला. मोबाईलचा टॉर्च थेट माझ्या डोळ्यांत.

"मामा, झाकण सापडलं!"