त्याने काय केलं, ते सांगते

"हुशार होता, पण आयुष्यात काही केलं नाही." आमच्या शाळेतल्या मित्राच्या दशक्रियेला नाशिकला गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) हे वाक्य मी दोघातिघांच्या तोंडून ऐकलं. तिथे वाद घालायची वेळ नव्हती. आज बोलते. हे मला साफ अमान्य आहे.

(नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. आमच्या बॅचला ते सांगायची गरजही नाही.)

तो नदीकाठी राहायचा. एकदा ऐन पुरात पहिला तास संपता संपता वर्गात आला. सरांनी छडी उचलली, "कुठे होतास?" हा शांतपणे म्हणाला, "सर, आज शाळेला सुट्टी आहे का, ते दुतोंड्या मारुतीला विचारायला गेलो होतो. एक तोंड हो म्हणालं, दुसरं नाही म्हणालं. निकालच लागेना." सरांच्या हातातली छडी खाली आली. (नाशिकबाहेरच्यांसाठी: नदीपात्रातल्या या मारुतीला पाणी कुठवर लागलं, त्यावर आम्ही पूर मोजतो.) इतकी वर्षं तो आम्हाला हसवत राहिला, पण कुणाच्या व्यंगावर, जातीवर, घरच्या परिस्थितीवर त्याने एकदाही विनोद केला नाही. हे किती अवघड असतं, ते आपापले व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा.

बँकेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला आणि काही वर्षांनी नोकरी सोडून मोकळा झाला. मग द्राक्षांच्या हंगामात गाड्यांबरोबर वाशी मार्केट, कधी शिकवण्या, २०१५ च्या सिंहस्थात बाहेरगावच्या लोकांना नाशिक दाखवणं. पैसे संपले की काम, पैसे आले की सावानातली, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातली, पुस्तकं. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला, रंगपंचमीला शनि चौकातल्या रहाडीत (रंगाने भरलेल्या हौदात) धप्पा, म्हणजे उडी. स्नेहसंमेलनात एकाने खोचकपणे विचारलं, "सध्या काय करतोस?" तो म्हणाला, "तुम्ही साठीनंतर जे करणार आहात, ते आधीच उरकून घेतोय."

पांडवलेणी दाखवावी तर त्यानेच. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. तो गेल्यावर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, या आईने मुलाचे पराक्रम दगडात कोरून घेतले. हे सांगून झालं की तो म्हणायचा, "बघा, हिने पोराचं कौतुक खडकावर केलं. आमच्या मातोश्री प्रगतिपुस्तकावर सही करायला तयार नव्हत्या." लोक हसायचे, आणि मग पुन्हा वळून त्या अक्षरांकडे नीट बघायचे. त्यातल्या किती जणांनी त्याआधी शिलालेख म्हणून काही धड पाहिलं असेल?

आणि माझे वडील. मी पुण्यात, ते पंचवटीत एकटे, दृष्टी अधू झालेली. हा मंगळवारी सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. मधेच स्वतःची बातमी घुसडायचा, "पंचवटीतील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी रक्तदाबाची गोळी घेतली नाही. महापालिकेत खळबळ." अण्णा हसत हसत गोळी घ्यायचे. मला हे अण्णांकडूनच कळलं, त्याने कधी सांगितलं नाही. असे अण्णा गावात आणखी किती घरांत होते, ते दशक्रियेला आलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघून लक्षात आलं. मग 'काही करणं' म्हणजे नेमकं काय हवं होतं यांना? फ्लॅट?

त्याच्या मोकळेपणाची किंमत होती, हेही खरं. विमा नव्हता, शिल्लक नव्हती. शेवटच्या आजारपणातली ओढाताण बहिणीने निभावली, कुरकुर न करता. तिथेही हा सलाईनकडे बघून नर्सला विचारत होता, "सिस्टर, किती क्युसेकने सोडलंय?"

आता ग्रुपवर त्याच्या नावाने दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवायचं चाललंय. माझा विरोध आहे. पहिल्या नंबरला बक्षिसं पुष्कळ आहेत. त्याच पैशांतून दरवर्षी नववीच्या मुलामुलींना, शाळेच्या दिवशी, तास बुडवून, पांडवलेणीला न्या. सगळ्यांना, मागच्या बाकावरच्यांनाही. तीन नंबरच्या लेण्यासमोर बसवा, बलश्रीची गोष्ट सांगा, आणि वर मिसळ खाऊ घाला. पहिल्या वर्षीचा खर्च माझा. मुख्याध्यापकांना भेटायला माझ्याबरोबर कोण येतंय, तेवढं कळवा.