इंजेक्शनाची तारीख

नानाकाकांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आता महात्मा फुले योजनेत झडपेचं ऑपरेशन फुकट होतं. मग रुमॅटिक तापाच्या पोरांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचत कशाला बसायचं?" खाली तेरा अंगठे. माझं डोकंच फिरलं.

काका, हृदयाची झडप म्हणजे नळाचा वायसर नव्हे. धातूची बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, तिच्यासाठी रक्ततपासण्या, आणि बाई असेल तर बाळंतपण जोखमीचं. एवढं सगळं कशापायी? पाच ते पंधराच्या वयात घसा धरला, त्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर औषध झालं नाही, मग हा रुमॅटिक ताप आला, गुडघे-घोटे सुजले, आणि घरच्यांनी 'वाढीचं वय आहे' म्हणत तेल चोळलं. ताप उलटला की झडप आणखी बिघडते. म्हणून ते 12 लाख युनिटचं पेनिसिलिन, निदान दहा वर्षं तरी.

आमच्याकडे (ऑकलंडला 'आमच्याकडे' म्हणते मी हल्ली, हसू नका) मानुरेवाच्या माझ्या शाळेत नर्स 28 दिवस भरले की इंजेक्शन घेऊन हजर. पोर आलं नसेल तर घर गाठते. घरात ओल असेल तर हीटर, पडदे, जादा पलंग मिळवून देणारी माणसं वेगळीच.

हे सगळं ऐटीत ग्रुपवर टाकलं. टाकलं नाही ते एवढंच, की इथे हा आजार होतो तो बहुतेक इथल्या मूळच्या माओरी आणि सामोआ-टोंगा बेटांकडच्या पोरांना, दाटीवाटीच्या घरांत. आमच्या मराठी मंडळात मी एकही केस पाहिलेली नाही. मानुरेवात मी शिकवायला जाते, राहायला नाही.

आणि काकांची थोरली. 1994 मध्ये तिची इंजेक्शनं सुरू झाली. गावातले डॉक्टर रिअॅक्शनच्या धास्तीनं हात लावत नसत, म्हणून एसटीनं तालुक्याला जायचं. काका शेतात, सोबतीला मी. माझी बारावी आली आणि तीन खेपा मी बुडवल्या. चौथ्या वेळी तीच म्हणाली, "आता बरं वाटतंय गं, राहू दे." मला सुटल्यासारखं झालं. पुढे ती पुन्हा गेलीच नाही, आणि मी विचारलंही नाही.

काकांनी माझ्या भल्यामोठ्या मेसेजला एका ओळीत उत्तर दिलं: "योजना होती म्हणून तुझी बहीण आहे."

तेरा अंगठ्यांतला एक तिचा होता, हे मी नंतर पाहिलं.